कॅम्प, देऊळ, दर्गा, नदी : आपल्या तीन शहरांचा वारसा

(अंबरनाथ येथे तरुण मुलामुलींच्या एका छोट्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी इतिहासाचा अभ्यासक नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो आणि तुमच्यापैकी अनेकांसारखाच रोज सकाळी लोकलच्या दारात लटकतो. आज मला इथे बोलायला बोलावलं, कारण गेली काही वर्षं रविवारी मी आपल्या भागात हिंडतो आणि परत येऊन मित्रांना त्रास देतो. तोच त्रास आज तुम्हाला.

सुरुवात ऑफिसमधल्या एका प्रसंगापासून. आमच्या टीममधला एक जण देवळालीचा. लष्करी छावणीचं गाव. जेवताना तो गावाबद्दल सांगत होता : जुने बंगले, झाडांचे रस्ते, स्वच्छ हवा. मग त्याने मला विचारलं, "तुमच्याकडे काय आहे बघण्यासारखं?" मी म्हणालो, "आमच्याकडे काही नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. गर्दी, कारखाने आणि लोकल."

घरी येताना मला ते उत्तर टोचत राहिलं. पस्तीस वर्षं जिथे काढली, त्या जागेबद्दल मी "काही नाही" म्हणालो होतो. खरं उत्तर "मला काही माहीत नाही" असं होतं.

आणि गंमत बघा, आपलंही छावणीचंच गाव आहे. अजूनही रिक्षावाल्याला आपण काय सांगतो? कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर पाच. "उल्हासनगर" म्हणायच्या आधी तोंडात "कॅम्प" येतं. हा कॅम्प कुणाचा, हे किती जणांना माहीत आहे?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने कल्याणजवळच्या माळरानावर मोठा लष्करी तळ उभारला. कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प. ट्रान्झिट म्हणजे येण्याजाण्याचा मुक्काम. मुंबई बंदर जवळ, रेल्वे दाराशी. सैनिक यायचे, थोडे दिवस राहायचे, पुढच्या आघाडीवर जायचे. त्यामुळे इथे देवळालीसारखे ऐसपैस बंगले झाले नाहीत. लांबच लांब बराकी झाल्या, एकीला लागून दुसरी. कुणी कायमचं राहील असा विचार करून इथलं काहीच बांधलेलं नव्हतं.

युद्ध संपलं, सैनिक गेले. मग १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं या रिकाम्या बराकींत आणली गेली. सुमारे एक लाख माणसं. कराची, हैदराबाद, शिकारपूर, लारकाना इथली. वकील, व्यापारी, मास्तर, शेतकरी. एका बराकीत पडदे लावून अनेक कुटुंबं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची पायाभरणी झाली आणि जवळून वाहणाऱ्या नदीवरून नाव मिळालं, उल्हासनगर. निर्वासितांच्या छावणीच्या नावात "उल्हास" आहे, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

त्या बराकी आता झपाट्याने जात आहेत. काही ठिकाणी एकाच बराकीचा अर्धा भाग जुना उतरत्या छपराचा आणि अर्ध्यावर चार मजली इमारत, असं दिसतं. राहणाऱ्यांना मी दोष देणार नाही. गळक्या छपराखाली कुणी इतिहास जपत बसत नाही. पण घाईत उभ्या राहिलेल्या इमारतींचं काय झालं, तेही आपण पाहिलं. २०२१ च्या मे महिन्यात दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं गेली. बराक पाडू नका, असं मी म्हणत नाही. निदान पाडण्याआधी तिचा फोटो काढा, तिच्यात कोण राहिलं ते लिहून ठेवा. सरकारी यादीत ती वारसा वास्तू म्हणून येईल असं वाटत नाही. तरी फाळणीची कहाणी सांगणारी इतकी मोठी वास्तू आपल्या उंबरठ्यावर दुसरी नाही.

इथे मला एक अनुभव सांगायचा आहे. कॅम्पमधल्या एका जुन्या दुकानावर सिंधी पाटी आहे. सिंधी ही अरबी वळणाच्या लिपीत लिहितात, बावन्न अक्षरं. तुमच्यापैकी ज्यांना मदरशात किंवा शाळेत उर्दू शिकवलंय, त्यांनी ही पाटी वाचून बघावी. निम्मी अक्षरं ओळखीची निघतात, मग मध्येच एखादं अक्षर चार टिंबं घेऊन उभं राहतं आणि आपण अडतो. मीही अडलो. मोठ्याने अडखळत वाचत होतो, तेव्हा आतून दुकानदार हसला आणि त्याने उच्चार दुरुस्त केला. मग त्याने आपल्या वडिलांना बाहेर बोलावलं. वय नव्वदीच्या आसपास. त्यांनी मला पाटी पुन्हा वाचायला लावली. ऐकून म्हणाले, "माझ्या नातवंडांना हे वाचता येत नाही. तुला येतं."

मी काय बोलणार? फाळणीबद्दल बोलायची वेळ आली की आपण सावध होतो. कुणी काही ऐकवेल, आपल्याला त्याचा जाब विचारेल, असं वाटतं आणि आपण विषय टाळतो. त्या दिवशी मी टाळला नाही. दोन तास बसलो. त्यांनी जे सोसलं ते त्यांनी सांगितलं, आणि ते ऐकताना मी मध्ये "पण" म्हटलं नाही. तेवढं आपण करू शकतो. शेवटी ते आपल्या गावच्या दर्ग्याबद्दल बोलले, शाह अब्दुल लतीफ आणि शाहबाज कलंदर यांच्याबद्दल बोलले, आपल्याच माणसांबद्दल बोलावं तसे. पावसाळ्यात उल्हासनगरमध्ये चालिहो असतो, झुलेलालसाठी चाळीस दिवसांचं व्रत. आपल्याकडच्या चिल्ल्याशी त्याचं नातं शब्दातच दिसतं. सिंधमध्ये उदेरोलाल इथे आजही देऊळ आणि दर्गा एकाच आवारात आहेत. हे मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नव्हतं, एका पाटीने शिकवलं.

आता थोडं दक्षिणेला, अंबरनाथला येऊ.

इथल्या शिवमंदिरापासून माझं घर चालत पंधरा मिनिटांवर. मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. त्याआधी कुणी अडवलं नव्हतं, पण कुणी नेलंही नव्हतं. घरातले एक नातेवाईक म्हणाले होते, "आपलं काय काम तिथं?" आणि तो प्रश्न मी मुकाट्याने मान्य केला होता.

त्या मंदिरातल्या शिलालेखावर शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०. उत्तर कोकणच्या शिलाहारांचं राज्य, राजा मम्वाणी. काळ्या बेसॉल्टचं बांधकाम आणि बाहेरच्या भिंतीवर पायथ्यापासून वरपर्यंत कोरीवकाम. सावकाश प्रदक्षिणा घाला. देवदेवता दिसतीलच, पण नर्तकी, वादक, हत्ती, अलंकार, केसांच्या रचना हेही बघा. हजार वर्षांपूर्वीची माणसं कशी दिसत होती, याचा हा आपल्याकडचा सगळ्यात जुना अल्बम आहे. आत गेल्यावर सभामंडपातून गाभाऱ्याकडे पायऱ्या खाली उतरतात. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी खाली गारवा असतो. मान वर केली की शिखराच्या जागी उघडं आकाश. गाभाऱ्यात पूजा चाललेली असते, तेव्हा आवाज कमी ठेवा, चपला बाहेर काढा, गर्दीच्या दिवशी जाऊ नका. महाशिवरात्रीला लाखभर लोक येतात. आपण साध्या मंगळवारी जावं.

आता शिलाहारांबद्दल एक गोष्ट, जी ऐकून मी थबकलो. अल-मसुदी नावाचा अरब प्रवासी इसवी सन ९१६ च्या सुमारास कोकणात आला होता. त्याने चौलचं वर्णन केलंय. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते, ओमान, बसरा, बगदाद, सिराफहून आलेले आणि इथेच जन्मलेलेही. त्यांच्यातलाच एक जण त्यांचे कज्जे सोडवायला राजाने नेमलेला होता, त्याला "हुनरमन" म्हणत. तेव्हा तिथला राजा कोण? झंझ, शिलाहार घराण्याचा. ज्या घराण्याने पुढे हे मंदिर बांधलं, त्याच घराण्याच्या राज्यात दीडशे वर्षं आधी मुसलमान व्यापारी बंदरावर सुखाने नांदत होते. "आपलं काय काम तिथं" या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं.

हे मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे. त्याची देखभाल सगळ्यांच्या करातून होते, त्यात तुमचे माझेही पैसे आहेत.

मंदिराच्या आवारातून दक्षिणेला बघितलं तर डोंगराची रांग दिसते. त्यात एक सुळका वेगळा उठून दिसतो. मलंगगड. तुमच्यापैकी प्रत्येक जण तिथे गेलेला असणार. माझी दादी दरवर्षी माघ पौर्णिमेला जायची, सोबत चाळीतल्या दोन मराठी काकू. एकीचा नवस, दुसरीची सोबत. दादी हाजी मलंग म्हणायची, काकू मलंगबाबा म्हणायच्या. वर जाईपर्यंत तिघींचा डबा एकच असायचा.

या डोंगराचा इतिहास तीन थरांचा आहे, गडासारखाच. खाली पीरमाची, जिथे दर्गा आहे. त्याच्या वर सोनेमाची, आणि टोकाला बालेकिल्ला. १७८० साली, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, कॅप्टन ॲबिंग्टनच्या इंग्रज फौजेने पीरमाची घेतली, पण वरचा किल्ला तिला घेता आला नाही. इंग्रज मागे फिरल्यावर पेशव्यांकडून दर्ग्यासाठी नजराणा आला आणि तो घेऊन आले कल्याणचे काशिनाथपंत केतकर. तेव्हापासून केतकर घराणं दर्ग्याच्या वहिवाटीत आहे. पुढे १८१७ मध्ये यावर वाद झाला. जुन्या ठाणे गॅझेटिअरमध्ये त्याची हकीकत आहे. बाबांची मर्जी काय ते बघायला चिठ्ठ्या टाकल्या, तीनदा टाकल्या आणि तिन्ही वेळा केतकरांच्या बाजूने निघाल्या. पुढचा वाद थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९५० च्या दशकातल्या त्या निकालात कोर्टाने काय म्हटलं? या स्थळात हिंदू आणि मुस्लिम दोन्ही घटक मिसळलेले आहेत, आणि इथला कारभार नुसत्या हिंदू कायद्याने किंवा नुसत्या मुस्लिम कायद्याने ठरवता येणार नाही, इथल्या रूढीने ठरेल.

गेली चाळीस वर्षं या डोंगराच्या नावावरून काय चाललंय, ते तुम्ही बघता. नाथपंथी लोक इथे मच्छिंद्रनाथांचं स्थान मानतात. माघ पौर्णिमेला पोलिसांच्या गाड्या उभ्या असतात. घोषणा होतात, आरती होते. मी तुम्हाला घोषणेला घोषणेने उत्तर द्यायला सांगणार नाही. त्या दिवशी मोबाइल बाहेर काढून तावातावाने स्टेटस टाकायलाही सांगणार नाही. मला वाटतं, या डोंगरावर आपला सगळ्यात भक्कम मुद्दा त्याचा मिसळलेला इतिहासच आहे. तो आपणच नीट सांगितला नाही, "हे फक्त आमचं" असं आपणही म्हणायला लागलो, तर दादीचा तो एकच डबा आपणच फेकून दिला असं होईल.

आमच्या कामात एक शब्द आहे, लेगसी कोड. जुना प्रोग्राम. लिहिणारे नोकरी सोडून गेलेले, कागदपत्रं नाहीत. नवीन आलेला मुलगा म्हणतो, हा तुकडा कशाला ठेवलाय, उडवून टाकू. आणि उडवल्यावर कळतं की पगाराची सगळी यंत्रणा त्याच्यावर उभी होती. मलंगगडाची वहिवाट मला तशी वाटते. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेला गुंतागुंतीचा तुकडा. समजून न घेता कुणीच त्याला हात लावू नये, त्यांनीही नाही आणि आपणही नाही.

आता पाण्याकडे येऊ, कारण आपल्या तीन शहरांना जोडणारा धागा पाणीच आहे.

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला येते आणि वसईच्या खाडीला मिळते. बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या ठाण्यावरून पडलं, असं लोक सांगतात. आगगाडी मात्र नक्की १८५६ साली आली, कल्याण ते पळसधरी मार्ग सुरू झाला तेव्हा. बदलापूरजवळच्या बारवी धरणाचं पाणी एमआयडीसीमार्फत आपल्या कारखान्यांना आणि ठाणे जिल्ह्यातल्या अनेक शहरांना जातं. धरण बघायला जाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा की त्याची उंची वाढवताना पाड्यांवरच्या आदिवासी आणि शेतकरी कुटुंबांना घरं सोडावी लागली. कॅम्पमध्ये आलेले निर्वासित आणि हे विस्थापित, दोघांच्या वाट्याला तेच आलं. आपण नळ उघडतो तेव्हा त्याचा एक घोट आपल्याकडे येतो.

पावसाळ्यात कोंडेश्वरला जाता, मला माहीत आहे. इन्स्टाग्रामवर दिसतं. डोंगरातून पडणारं पाणी, खाली खोल डोह, जवळ महादेवाचं जुनं देऊळ. जागा सुंदरच आहे. पण दरवर्षी त्या डोहात मुलं जातात, म्हणून जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात. पोहता येतं म्हणून कुणी वाचत नाही, पाण्याचा लोंढा वरच्या डोंगरातून येतो आणि खाली ऊन असतं. मनाई असेल तेव्हा जाऊ नका. नोव्हेंबरात जा, पाणी कमी पण खडक दिसतात.

या नदीने २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडवून धरली. हजाराहून जास्त प्रवासी, चहूकडे पाणी. एनडीआरएफ, नौदल, हवाई दल आलं, आणि त्यांच्यासोबत आसपासच्या गावांतले लोक कमरेएवढ्या पाण्यात उतरले. सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले. त्या दिवशी कोण कुठला, हे कुणी विचारलं नाही.

दुसरी नदी आहे वालधुनी. बहुतेकांना ती नदी आहे हेच माहीत नाही, आपण तिला नाला म्हणतो. काकोळ्याच्या डोंगराकडून ती येते, तिथे रेल्वेचं जुनं जीआयपी धरण आहे. वर जाऊन बघा, पाणी निळं आहे, पक्षी आहेत. मग ती अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालते, उल्हासनगरमधून जाते आणि कल्याणला उल्हासला मिळते. हजार वर्षांपूर्वी मंदिरासाठी हीच जागा निवडली, कारण इथे नदी होती. आज मंदिराच्या भिंतीवरची शिल्पं बघताना नाकाला रुमाल लावावा लागतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये कुणीतरी रात्री टँकरमधून रसायन तिच्यात सोडलं आणि उल्हासनगरमध्ये शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन दवाखान्यात न्यावं लागलं. कोर्टात, हरित लवादात खटले चालले, दंड झाले. जीन्स धुण्याचे कारखाने बंद झाले. त्या कारखान्यांत आपले किती भाऊ काम करत होते, हेही मी विसरत नाही. नदी आणि पोट यांत एक निवडा, असं त्यांना सांगितलं गेलं. खरं तर सांडपाणी शुद्ध करून सोडायची व्यवस्था आधीच झाली असती, तर असं निवडायची वेळच आली नसती. हा प्रश्न नगरसेवकाला विचारायचा आहे, आणि तो विचारायला हिंदू-मुसलमान असावं लागत नाही, नाक असावं लागतं.

शेवटाकडे येतो.

लग्नानंतर मी भाड्याने घर शोधत होतो. एका ठिकाणी सगळं ठरलं, मग मी नाव सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून फोन उचलला गेला नाही. तुमच्यापैकी अनेकांनी हे भोगलंय. अशा वेळी आत एक आवाज म्हणतो, हे गाव आपलं नाहीच. मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही, देऊळ बघितल्याने घर मिळत नाही. आणि या गावावरचा आपला हक्क सिद्ध करायला आपण कुणाला पुरावाही देणं लागत नाही. पण त्या रात्री मला एक गोष्ट सुचली. या तीन शहरांत मूळचं कोण आहे? सैनिक आले आणि गेले. सिंधी आले आणि राहिले. काडेपेटीच्या आणि रसायनांच्या कारखान्यांत, ऑर्डनन्स फॅक्टरीत कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून माणसं आली. माझे आजोबाही त्यांतलेच. मुक्कामासाठी बांधलेल्या जागेत सगळ्यांनी संसार मांडला. इथला वारसा कुणालाही बापाकडून मिळालेला नाही. जो सांभाळेल त्याचा तो.

म्हणून तुम्हाला एकच काम देतो. चार रविवार काढा. पहिल्या रविवारी कॅम्पमध्ये जा, एक बराक शोधा आणि तिच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशी बोला. दुसऱ्या रविवारी मंदिर, सोबत एखादा हिंदू मित्र असेल तर उत्तम, त्याला शिल्पं दाखवा. तिसऱ्या रविवारी मलंगगड, आणि उतरताना स्वतःचा कचरा पिशवीत घेऊन उतरा. चौथ्या रविवारी काकोळ्यापासून वालधुनीच्या काठाने जमेल तितकं चाला आणि पाणी कुठे काळं होतं, ती जागा फोटोसह लिहून ठेवा. मग त्या नोंदी घेऊन आपण पालिकेत जाऊ. मी येतो सोबत, त्या दिवशी सुट्टी टाकेन.

आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं, "तुमच्याकडे काय आहे बघण्यासारखं?" तर त्याला रविवारची वेळ द्या. कल्याणहून पुढे बदलापूर लोकलने यायला सांगा.